वाचकांचे प्रश्न : पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातली फ्रेंच

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कादंबऱ्या वाचणाऱ्यांकडून एका विषयावरची पत्रं वरचेवर येतात : त्या पात्रांची फ्रेंच. या वेळी सदराची सगळी जागा त्या पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांती' ही नेपोलियनविरुद्धच्या लढायांची गोष्ट, आणि तिची सुरुवात मात्र फ्रेंच संवादाने! बोलणारे दोघंही रशियन. आपली भाषा सोडून ही मंडळी फ्रेंच का बोलत होती?

उत्तर : सोडून नाही, आपल्या भाषेच्या जोडीला. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात येईलच. आधी 'का' ते पाहू.

मूळ झार पीटर द ग्रेटच्या काळात आहे, पण पीटरला स्वतःला फ्रेंचचं काही अप्रूप नव्हतं. १६९७-९८ मध्ये तो युरोपात हिंडला तो जहाजबांधणी आणि तोफखाना समजून घ्यायला, आणि त्यासाठी त्याला डच आणि जर्मन पुरत होत्या. परतल्यावर त्याने सरदारांच्या दाढ्या उतरवल्या, १७०० पासून पाश्चात्त्य पोशाखाची सक्ती सुरू केली आणि १७१८ मध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र मेळाव्यांचा हुकूम काढला. तोवर थोरामोठ्यांच्या बायका घराच्या आतल्या भागात राहत. आता त्या झगे घालून परक्या पुरुषांसमोर उभ्या राहिल्या. बोलायचं काय आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न तिथे खरोखरच उभा राहिला.

त्या वेळी लिहिण्या-बोलण्याचे तीन प्रकार हाताशी होते : चर्चची स्लाव भाषा, सरकारी दफ्तराची भाषा आणि घरातली, शेतावरची बोली. पहिलीत प्रार्थना होते, दुसरीत अर्ज होतो, तिसरीत नोकराला हाक मारता येते. अनोळखी बाईशी अदबीने, हलकेच थट्टा करत बोलायचं तर तिन्ही कुचकामी. फ्रेंचमध्ये ते सगळं तयार होतं. फ्रेंच अकादमी १६३५ ची, तिचा शब्दकोश १६९४ चा. रशियात लोमोनोसोवचं व्याकरण छापून आलं १७५७ मध्ये, रशियन अकादमी स्थापन झाली १७८३ मध्ये आणि तिचा सहा खंडांचा कोश निघाला १७८९ ते १७९४ या काळात. म्हणजे कोशापुरतं बोलायचं तर शंभर वर्षांचं अंतर.

तरीही 'रशियन अपुरी होती म्हणून फ्रेंच आली' हे उत्तर अर्धंच आहे. १८२० नंतर कवी पुश्किनने त्याच भाषेत काय वाटेल ते सांगता येतं हे दाखवून दिलं, तरी दिवाणखाने फ्रेंचच बोलत राहिले. तेव्हा गरज हे एक कारण, आणि प्रतिष्ठा हे दुसरं. माझ्या मते दुसरं जास्त वजनदार.

ही प्रतिष्ठा दोन दिशांनी काम करत होती. बाहेरच्या बाजूने पाहिलं तर फ्रेंच तेव्हा एकट्या फ्रान्सची नव्हती. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक लिखाण फ्रेंचमध्ये करायचा आणि त्याची बर्लिनची अकादमीही फ्रेंचमध्ये चालायची. १७१४ चा राश्टाटचा तह जर्मन भूमीवर झाला, पण मसुदा फ्रेंचमध्ये. रशियन सरदाराला फ्रेंच माणूस व्हायचं नव्हतं, युरोपच्या पंगतीत बसायचं होतं, आणि त्या पंगतीची भाषा ही होती.

आतल्या बाजूचं कारण सहसा कुणी सांगत नाही. १७२२ मध्ये पीटरने चौदा पायऱ्यांची 'दर्जांची सारणी' लागू केली. मुलकी नोकरीत आठव्या पायरीवर पोचलेला, आणि सैन्यात तर पहिल्याच अधिकारपदावर पोचलेला माणूस वंशपरंपरागत सरदार होऊ लागला. कारकुनाचा मुलगा उद्या आपल्याच दर्जाचा होणार म्हटल्यावर जुन्या घराण्यांना अशी एखादी खूण हवी होती जी हुकमाने मिळत नाही. पाचव्या वर्षापासून कानावर पडलेले उच्चार अशी खूण देतात. पदक मोठेपणी मिळवता येतं, उच्चार नाही.

यात ओढूनताणून काही नाही. १७१७ मध्ये पीटर्सबर्गला तरुण सरदारांसाठी छापलेल्या शिष्टाचाराच्या पुस्तकात सरळ सांगितलं आहे की मुलांनी आपसात परक्या भाषांत बोलावं. त्याने सराव होतो, गुपित नोकरांना कळत नाही, आणि अडाणी ठोंब्यांपासून आपण वेगळे ओळखू येतो.

प्रश्न : पीटरने जर्मन तंत्रज्ञ आणले, सम्राज्ञी कॅथरीन तर जन्मानेच जर्मन. मग मान जर्मनला का मिळाला नाही?

उत्तर : काही काळ जर्मनच पुढे होती. १७२४ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञान अकादमीत जर्मन विद्वानांचा भरणा होता. सम्राज्ञी आन्नाच्या कारकिर्दीत (१७३०-४०) बीरोनसारखे जर्मन भाषक दरबार चालवत. त्याच दशकात उघडलेल्या सरदारपुत्रांच्या लष्करी शाळेत जर्मन शिकणारी मुलं फ्रेंच शिकणाऱ्यांच्या कितीतरी पट होती.

पण पीटर्सबर्गमध्ये जर्मन बोलायचा तो औषधविक्या, घड्याळजी, बेकरीवाला, अभियंता. ज्या भाषेत आपण औषध मागतो ती कामाची असते, मिरवायची नसते. शिवाय खुद्द जर्मन राजदरबार फ्रेंच बोलत होते! त्यांचं अनुकरण करायचं म्हटलं तरी पोचायचं फ्रेंचलाच.

पारडं फिरलं १७४१ मध्ये. पीटरची मुलगी एलिझाबेथ सत्तापालट करून गादीवर आली. लहानपणी तिला फ्रेंच उत्तम शिकवलेली होती, कारण तिला फ्रान्सच्या पंधराव्या लुईला द्यायचा पीटरचा बेत होता. लग्न जमलं नाही, भाषा राहिली. सत्तापालटाच्या कटात फ्रेंच वकील शेतार्दी आणि फ्रेंच वंशाचा डॉक्टर लेस्तोक यांचा हात होता. पुढे दरबारात फ्रेंच नाटक मंडळी आली. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने सरदारांना सक्तीच्या सरकारी नोकरीतून मोकळं केलं आणि परदेश प्रवासाची मुभा दिली. रिकामा वेळ, जमिनीचं उत्पन्न आणि पासपोर्ट, तिन्ही एकदम हाती आले.

त्याच वर्षी कॅथरीन आली. ती श्टेटीनची जर्मन राजकन्या खरी, पण तिला वाढवलं फ्रेंच शिक्षिकेने. फ्रेंच लेखक व्होल्टेअरशी तिचा पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये, आठवणी लिहिल्या त्याही फ्रेंचमध्ये. १७६५ मध्ये तिने फ्रेंच विचारवंत दिदरोचं ग्रंथालय विकत घेतलं आणि ते वापरायला त्याच्याचकडे ठेवलं. १७७३-७४ च्या हिवाळ्यात तो पीटर्सबर्गला येऊन तिच्याशी गप्पा मारून गेला. जर्मन सम्राज्ञी रशियन सरदारांशी फ्रेंच बोलू लागल्यावर जर्मनचा दावा संपलाच.

प्रश्न : मुलांना एवढी सफाईदार फ्रेंच येत कशी असे? शाळा होत्या का?

उत्तर : शाळा नंतर, आधी घर. पहिली काही वर्षं मूल गावाकडच्या दाईकडे असायचं, तेव्हा कानावर रशियन. पाच-सात वर्षांचं झालं की फ्रेंच शिक्षिका घरात राहायला येई. ती दिवसभर मुलांसोबत, फिरायला तीच, जेवणाच्या टेबलावरही तीच. श्रुतलेखन, लाफोंतेनच्या कथा पाठ करणं, चांगल्या पत्रांचे नमुने उतरवून काढणं असा क्रम. मुलगा मोठा झाला की पुरुष शिक्षक येई. पुढे मुलांसाठी लष्करी शाळा किंवा लिसेयम, म्हणजे सरदारपुत्रांचं निवासी विद्यालय. मुलींसाठी १७६४ मध्ये पीटर्सबर्गला स्मोल्नी संस्था निघाली, तिथे फ्रेंचला मोठा मान. रशियन अक्षरओळख आणि धर्मशिक्षण मात्र बऱ्याचदा गावच्या पाद्र्याच्या गळ्यात पडे. त्यामुळे कित्येक मुलांचं फ्रेंच शुद्धलेखन रशियनपेक्षा बरं असायचं.

गफलत व्हायची ती शिक्षक निवडताना. मागणी अफाट, पुरवठा थोडा, आणि पालकांनाच फ्रेंच नीट येत नसल्याने उमेदवाराची परीक्षा घेणार कोण? १७५७ मध्ये फ्रेंच वकिलातीबरोबर आलेल्या मेसेलियेरने लिहून ठेवलं आहे की पोचताच त्यांच्याभोवती देशबांधवांचा घोळका जमला. त्यातले बरेच पॅरिसच्या पोलिसांच्या कटकटीला कंटाळून उत्तरेला आलेले : पळपुटे सैनिक, दिवाळखोर, छंदीफंदी. आणि यातले अनेकजण मोठ्या घरांत मुलांना शिकवत होते. त्याच वर्षी सरकारने हुकूम काढला : घरी शिकवणाऱ्या परदेशी माणसाने पीटर्सबर्गच्या अकादमीत किंवा मॉस्को विद्यापीठात परीक्षा देऊन दाखला घ्यावा, आणि बिनदाखल्याचा शिक्षक ठेवणाऱ्या घरमालकाने शंभर रूबल दंड भरावा. दंड मालकाला, हे विशेष. तरी प्रकार थांबले नाहीत. १७८२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या फोन्विझिनच्या नाटकातला शिक्षक पूर्वाश्रमीचा गाडीवान निघतो. तो जर्मन आहे, पण प्रेक्षकांना रोख बरोबर कळला.

१७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मालाचा दर्जा एकदम सुधारला. देशोधडीला लागलेले खरे सरदार, खरे पाद्री रशियात आले आणि शिकवण्या करू लागले. १७९४ मध्ये पाद्री निकोलने पीटर्सबर्गला काढलेल्या वसतिशाळेत बड्या घरांची मुलं जात. उलट बाजूचेही नमुने होते. काउंट स्त्रोगानोवने मुलासाठी ठेवलेला जिल्बेर रोम त्या मुलाला क्रांतीच्या ऐन धामधुमीत पॅरिसला घेऊन गेला आणि दोघं जहाल क्रांतिकारकांच्या जाकोबाँ क्लबात जाऊन बसले! कॅथरीनने १७९० मध्ये मुलाला परत आणवलं. लिसेयममध्ये पुश्किनला फ्रेंच शिकवणारे गृहस्थ तर क्रांतिकारक मारा याचे सख्खे भाऊ. आडनाव बदलून ते निमूट शिकवत राहिले.

प्रश्न : या सरदारांना रशियन येतच नव्हती असं वाचलं. मग ते नोकरांशी, सैनिकांशी बोलत कसे?

उत्तर : ही समजूत अतिशयोक्तीची आहे. दोन भाषांत कामाची वाटणी होती. कायदे, सरकारी दफ्तर, सैन्यातले हुकूम, इस्टेटीचा हिशेब, कारभाऱ्याला सूचना, प्रार्थना, पापाची कबुली हे सगळं रशियनमध्ये. गप्पांची मैफल, स्त्रियांना लिहिलेली पत्रं, पुष्कळांच्या रोजनिश्या आणि परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये. द्वंद्वाचं आव्हानही बऱ्याचदा फ्रेंचमध्ये : पुश्किनने जानेवारी १८३७ मध्ये डच वकील हेकेरेनला लिहिलेलं जीवघेणं पत्र फ्रेंच आहे.

ही वाटणी किती पक्की होती ते पुश्किनच्याच पत्रांतून दिसतं. नताल्या गोन्चारोवाला लग्नाआधी लिहिलेली त्याची पत्रं फ्रेंचमध्ये आहेत. लग्न झालं आणि पत्रं रशियनमध्ये आली, तीही घरगुती, खडबडीत, चेष्टेखोर. वाग्दत्त वधूशी औपचारिक अंतर, बायकोशी नाही. त्याच्या 'येव्गेनी अनेगिन' या पद्य-कादंबरीतली तात्याना प्रेमपत्र फ्रेंचमध्ये लिहिते, कारण मनातलं रशियनमध्ये मांडायला तिला जड जातं. निवेदक म्हणतो, मी तिचं भाषांतर देतो आहे. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त खरं होतं. त्यांना पलटण नाही, कचेरी नाही, म्हणजे प्रौढांची रशियन वापरायची जागाच कमी.

पुरुषांतही टोकाची उदाहरणं आहेत. झारविरुद्धच्या १८२५ च्या डिसेंबरातल्या उठावानंतर चौकशीत बेस्तुझेव-रूमिनने फ्रेंचमध्ये उत्तरं देण्याची परवानगी मागितली, कारण रशियनपेक्षा त्याला ती सवयीची होती. देशासाठी फासावर गेलेला माणूस हा.

एक हिशेबही लक्षात ठेवावा. लोकसंख्येत सरदारवर्ग मुळातच मूठभर. त्यातही घरी फ्रेंच शिक्षिका पोसू शकणारी कुटुंबं थोडी. मोजकेच भूदास (जमिनीला बांधलेले शेतकरी) असलेल्या खेड्यातल्या जमीनदाराला दोन-चार ठेवणीतली वाक्यं यायची. ग्रिबोयेदोवच्या १८२४ च्या नाटकात नायक हसतो ते याच भेसळीला, फ्रेंच अधिक नीझनी नोवगोरोद या प्रांतिक शहराची बोली.

प्रश्न : १८१२ मध्ये फ्रेंच सैन्य मॉस्कोत घुसलं. शत्रूची भाषा बोलायची लाज वाटली नाही का? फ्रेंच बोलणाऱ्या रशियन अधिकाऱ्यांना शेतकऱ्यांनीच मारलं म्हणतात, ते खरं का?

उत्तर : लाज वाटली, पण सवय जिंकली. तशी बंधनं आधीपासून होती. १७९३ मध्ये कॅथरीनने रशियातल्या फ्रेंच लोकांना क्रांती नाकारण्याची शपथ घ्यायला लावली. तिचा मुलगा पॉल याने गोल टोप्या आणि नव्या धर्तीचे कोट बंद केले, १८०० मध्ये परदेशी पुस्तकांची आयातही थांबवली. पण क्रांतीने पळवून लावलेल्या सरदारांचीही भाषा तीच होती. त्यामुळे फ्रेंच बोलूनच नेपोलियनला शिव्या घालता येत, आणि घालतही. टॉल्स्टॉयने १८१२ च्या मॉस्कोतल्या एका मैफलीत फ्रेंच शब्दाला दंड ठेवलेला दाखवला आहे. बाईंना रशियन वाक्य जमत नाही आणि त्या दंड भरत बसतात.

शेतकऱ्यांबद्दलची साक्ष गनिमी तुकड्यांचा नायक देनिस दाविदोव याची आहे, आणि ती तुम्ही वाचलंत त्याहून वेगळी आहे. गावकरी त्याच्या माणसांवर धावून येत हे खरं. पण त्याने कारण विचारलं तेव्हा ते त्याच्या हुसार (घोडदळाच्या) डगल्याकडे बोट दाखवत : हा त्यांच्या कपड्यांसारखा दिसतो. मी रशियनच बोलतोय ना, म्हटल्यावर उत्तर मिळे, त्यांच्यात सगळ्या जातीची माणसं आहेत! घोटाळा जिभेचा कमी, कपड्यांचा जास्त. दाविदोवने मग शेतकऱ्यांचा अंगरखा चढवला, दाढी वाढवली आणि गळ्यात संत निकोलसची प्रतिमा अडकवली.

या काळातला सगळ्यात गमतीचा माणूस मॉस्कोचा गव्हर्नर रस्तोप्चिन. फ्रेंचांविरुद्ध गावरान रशियनमध्ये पत्रकं काढून त्याने शहर चेतवलं. पुढे तो पॅरिसला जाऊन राहिला आणि त्याची मुलगी सोफी ही काउंटेस द सेग्युर या नावाने फ्रेंच बालसाहित्यातली नामवंत लेखिका झाली.

प्रश्न : १८१४ मध्ये पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैन्यातले कोसॅक घोडेस्वार 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे 'लवकर' असं ओरडत, त्यावरून 'बिस्त्रो' शब्द आला हे खरं का?

उत्तर : नाही. फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द १८८० च्या दशकात दिसू लागतो. सत्तर वर्षं तो कुठे दडून बसला होता? उलट्या दिशेचे शब्द मात्र पक्के आहेत. मजल्याला 'एताझ', पदपथाला 'त्रोतुआर', तिकिटाला 'बिल्येत', सामानाला 'बगाझ', हे रशियन आजही बोलतात. काही शब्दांचे तुकडे पाडून भाषांतर केलं : 'प्रभाव' या अर्थाचा 'व्लियानिये' हा फ्रेंच शब्दाच्या 'आत वाहणे' या घडणीवरून बेतलेला. असल्या शब्दांवर भाषाशुद्धीवादी शिश्कोवने १८०३ मध्ये पुस्तकभर आग ओकली.

प्रश्न : ही फ्रेंच गेली कधी?

उत्तर : एका हुकमाने गेली नाही. पहिल्या निकोलसने दरबारात रशियन बोलायचा आग्रह धरला, पण त्याचा परराष्ट्रमंत्री नेसेलरोड चाळीस वर्षं खातं फ्रेंचमध्ये चालवत राहिला. विचारवंत चादायेवने रशियाच्या मागासपणावर केलेली जळजळीत टीका मूळ फ्रेंचमध्ये होती. १८३६ मध्ये तिचं रशियन भाषांतर छापून आलं, ते छापणारं मासिक बंद झालं आणि लेखकाला वेडा ठरवलं गेलं. मूळ फ्रेंच हस्तलिखित हातोहात फिरत होतं तोवर चाललं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मग दोन गोष्टींनी पाया काढून घेतला. पुश्किन, गोगोलनंतर वाचण्यासारखं रशियनमध्येच मिळू लागलं आणि पाद्र्यांची, कारकुनांची मुलं विद्यापीठांतून बाहेर पडून मासिकं चालवू लागली. १८६१ मध्ये भूदासपद्धत रद्द झाल्यावर अनेक घरांचं उत्पन्न आटलं. १८७३ च्या आवृत्तीत खुद्द टॉल्स्टॉयने 'युद्ध आणि शांती'तले फ्रेंच संवाद रशियनमध्ये आणले. नंतरच्या आवृत्त्यांत फ्रेंच परत आली ती गोष्ट वेगळी. शेवटच्या झार दांपत्याचा आपसातला पत्रव्यवहार तर इंग्रजीत होता.

प्रश्न : अनुवाद वाचताना या फ्रेंचकडे कसं पाहावं? आम्ही तळटीप वाचून पुढे जातो.

उत्तर : तळटीप अर्थ देते. पात्राने भाषा बदलली कधी, ते मात्र आपणच टिपावं लागतं. 'युद्ध आणि शांती'त पिएर एलेनला मागणी घालतो तेव्हा 'माझं तुमच्यावर प्रेम आहे' हे वाक्य फ्रेंचमध्ये म्हणतो, आणि ते त्याला स्वतःलाच पोकळ वाटतं. इथे फ्रेंच म्हणजे उसनं वाक्य. टॉल्स्टॉयचीच 'अ‍ॅना करेनिना' १८७० च्या दशकातली. तिथे डॉली मुलीला फ्रेंचमध्ये बोलायला लावते तेव्हा लेविनला ते कृत्रिम आणि खोटं वाटतं. आधीच्या पिढीत या गोष्टीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

याच कादंबरीतली आणखी एक जागा मराठी वाचकाला चटकन उमगेल. रशियनमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. अ‍ॅनाचा प्रियकर व्रोन्स्की तिच्याशी चारचौघांत फ्रेंच बोलतो, कारण रशियन 'तुम्ही' त्या दोघांत अशक्य थंड वाटेल आणि 'तू' धोक्याचं. फ्रेंचमधलं 'वू' दोन्ही टाळतं. पुढे तिचा नवरा तिला निर्वाणीचं पत्र लिहायला बसतो. तोही फ्रेंचच निवडतो, आणि कारणही तेच : त्या 'वू'मध्ये रशियन 'तुम्ही'चा थंडपणा नाही. अनुवादात 'वू'चं सरसकट 'तुम्ही' झालं असेल तर या दोन्ही पानांवर पेन्सिलने खूण करून ठेवा.